बैतुल हिकमा, गझाली आणि पानाच्या कडेला लिहिलेली नावं

सर, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण थोडक्यात लिहायला बसलो की उत्तर लांबत जायचं, शेवटी म्हटलं लांबलं तर लांबू दे. ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सर शाळेत इतिहास शिकवतात आणि त्यांच्या वर्गातली मुलं दोन व्हिडिओ बघून आली. एकात म्हटलंय की बगदादमध्ये बैतुल हिकमा नावाचं जगातलं पहिलं विद्यापीठ होतं, सगळं विज्ञान तिथे जन्माला आलं आणि मग गझाली नावाच्या एका मौलवीने एक पुस्तक लिहून सगळं बंद पाडलं. दुसऱ्यात म्हटलंय की तसलं काही नव्हतंच, ग्रीकांचं आणि आपलं उचललं, भाषांतर केलं आणि स्वतःच्या नावावर खपवलं. सर विचारतायत की यातलं खरं काय, त्या काळी डिग्रीबिग्री मिळायची का, मुलांना सांगू काय, आणि ते लोक नंतर मागे का पडले.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी प्राध्यापक नाही. वीसेक वर्षं अरबी-फारसी हस्तलिखितांचे कॅटलॉग करतोय, म्हणजे पोथी समोर आली की तिचं नाव, लेखक, नकलकार, साल, कागद, पानं किती, कसर कुठे लागलीय, हे सगळं नोंदवायचं. तत्त्वज्ञानावर मला कुणी भाषणाला बोलवत नाही आणि ते बरोबरच आहे. पण पानाच्या कडेला कुणी काय खरडून ठेवलंय ते बघण्यात माझी नजर गेलीय, आणि मला विचाराल तर तुमच्या दोन्ही व्हिडिओंचं उत्तर त्या कडेलाच आहे. दोघंही एकच गोष्ट गृहीत धरतात, की विद्या कुठल्यातरी इमारतीत राहते, इमारत उघडली की सुरू आणि कुलूप लावलं की बंद. त्या जगात तसं नव्हतं. तिथे विद्या माणसाला चिकटलेली होती, कोण कुणासमोर बसून कुठलं पुस्तक वाचून गेला याला महत्त्व. हे एकदा धरलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

आता बैतुल हिकमा, म्हणजे शब्दशः ज्ञानाचं घर. बगदाद वसवलं अब्बासी खलिफा मन्सूरने ७६२ साली आणि या घराचं नाव जोडलं जातं त्याचा नातू हारून रशीद आणि पणतू मामून यांच्याशी. गंमत अशी की जुन्या साधनांत या जागेबद्दल फार म्हणजे फारच थोडं सापडतं. सगळ्यात कामाचं साधन म्हणजे इब्न अल-नदीमचं 'फिहरिस्त', ९८७ च्या सुमाराचं. हा इब्न अल-नदीम वर्राक होता, म्हणजे पुस्तकं नकलून घेणारा आणि विकणारा, आणि त्याचं पुस्तक म्हणजे त्याला माहीत असलेल्या अरबी पुस्तकांची लांबलचक यादी, तेव्हा आमच्या धंद्याचा हा मूळपुरुषच म्हणायचा. त्याच्याकडून कळतं काय, तर सहल इब्न हारून तिथला प्रमुख होता, अल्लान नावाचा एक नकलकार तिथे बसून रशीद, मामून आणि बरमकी वजिरांसाठी नकला करायचा, गणिती ख्वारिज्मीचा मामूनच्या ग्रंथभांडाराशी संबंध होता. वर्ग, विद्यार्थी, परीक्षा, पदवीदान यातलं काहीही नाही. म्हणून आज बरेच अभ्यासक म्हणतात की हा राजाचा पोथीखाना होता, सासानी दरबारांच्या, म्हणजे इस्लामच्या आधीच्या इराणी राजांच्या, वळणावरचा. काहीजण त्याला यापेक्षा जास्त वजन देतात, तो वाद चालू आहे. पण 'पहिलं विद्यापीठ' हे वाक्य कुठल्याही बाजूने बघा, त्याला पाया नाही. व्हिडिओत जो घुमटाखाली रांगेने बसलेल्या विद्वानांचा फोटो दाखवतात ना, तो कुणाच्या तरी डोक्यातून आलाय.

आता कुणी म्हणेल की मग दुसरा व्हिडिओ खरा. थांबा जरा. विद्यापीठ नव्हतं म्हणून काम झालं नाही असं होत नाही. भाषांतराचं काम प्रचंड झालं, दोनेकशे वर्षं चाललं, फक्त ते झालं घरांमधून, आणि पैसा आला खलिफांकडून, वजिरांकडून, सरदारांकडून, श्रीमंत वैद्यांकडून. बनू मूसा म्हणून तीन भाऊ होते, स्वतः गणिती आणि यंत्रांचे शौकीन, त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय की पूर्णवेळ भाषांतर करणाऱ्यांवर ते महिन्याला ५०० दीनार खर्च करायचे. आणि भाषांतर करणारे कोण? हुनैन इब्न इसहाक हीरा गावचा नेस्टोरियन ख्रिश्चन, साबित इब्न कुर्रा हर्रानचा, तिथल्या ग्रहतारे पुजणाऱ्या साबी लोकांपैकी. तेव्हा 'इस्लामी विज्ञान' या शब्दातला 'इस्लामी' हा राज्याचा आणि भाषेच्या दुनियेचा शब्द समजायचा, प्रत्येक माणसाच्या धर्माचा नाही.

हुनैनवर जरा थांबतो कारण हा माझा लाडका माणूस. याने ८५६ साली एक पत्रवजा पुस्तक लिहिलं, ग्रीक वैद्य गॅलेनच्या १२९ पुस्तकांची यादी, प्रत्येकाचं भाषांतर कुणी केलं, कुणासाठी केलं, मूळ प्रत कशी होती, चांगली की फाटकी. (बैतुल हिकमाचा उल्लेख त्यात एकदाही नाही, हे जाता जाता.) एका पुस्तकाबद्दल तो लिहितो की विशीत असताना मी हे एका खराब ग्रीक प्रतीवरून सिरियॅक भाषेत केलं होतं, पुढे चाळिशीच्या आसपास माझ्या शिष्याने, हुबैशने, दुरुस्त करून मागितलं, तोवर माझ्याकडे बऱ्याच ग्रीक प्रती जमल्या होत्या, मग त्या एकमेकींशी ताडून एक शुद्ध प्रत तयार केली, आणि मग तिच्याशी माझं जुनं भाषांतर लावून दुरुस्त केलं, आणि सगळ्याच पुस्तकांच्या बाबतीत माझी हीच पद्धत आहे. आज पाठचिकित्सा म्हणून एमएला जे शिकवतात ते याच्याहून फार वेगळं नाही. गॅलेनच्याच तर्कावरच्या एका पुस्तकासाठी, अरबीत त्याला बुरहान म्हणतात, हा माणूस इराकच्या वरच्या भागात, शाममध्ये (म्हणजे सीरियात), पॅलेस्टाइनमध्ये, इजिप्तमध्ये पार अलेक्झांड्रियापर्यंत हिंडला. शेवटी मिळालं दमास्कसमध्ये, तेही साधारण अर्धंच, प्रकरणं सलग नाहीत. एवढी पायपीट करणाऱ्याला 'उचललं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडून गेलेल्या गोष्टींबद्दल मात्र मुलांना नक्की सांगा, कारण तो भाग खरा आहे आणि लपवण्यासारखंही त्यात काही नाही, ते लोकच लपवत नव्हते. ७७० च्या दशकात सिंधकडून एक मंडळ मन्सूरच्या दरबारात गेलं, सोबत संस्कृतमधला खगोलगणिताचा सिद्धांत-ग्रंथ होता, ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला (त्याचा ब्राह्मस्फुटसिद्धांत ६२८ चा). त्यावरून फजारी नावाच्या खगोलज्ञाने अरबीत कोष्टकं केली, त्यांचं नावच 'सिंदहिंद', म्हणजे सिद्धांत हा शब्द अरबी तोंडात बसून जसा झाला तसा. आकड्यांनाही ते लोक हिंदी हिशेब म्हणायचे, 'आमचं' म्हणायचे नाहीत. आणि हा हिशेब सुरुवातीला व्हायचा कशावर, तर धूळ पसरलेल्या पाटीवर, बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे आणि पुसत पुढे जायचं. आपल्या पणजोबांची धुळाक्षरं आणि धूळपाटी आठवा, तेच. दमास्कसमध्ये ९५२-५३ च्या सुमाराला उक्लीदिसी नावाच्या गणित्याने हिंदी हिशेबावर पुस्तक लिहिलं आणि त्यात हा सगळा प्रकार धुळीवरून कागदावर कसा आणायचा ते दाखवलं, म्हणजे आकडे न पुसता, पायऱ्या दिसतील अशा रीतीने. दशांश अपूर्णांकही त्याच पुस्तकात दिसतात. घेतलं हे खरं, पण घेऊन जे केलं ते मूळ मालात नव्हतं.

आणि ही वाहतूक एकाच दिशेची नव्हती. सवाई जयसिंगाच्या दरबारात जगन्नाथ पंडिताने युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, रेखागणित म्हणून, ती नसिरुद्दीन तूसी या इराणी गणित्याच्या अरबी संस्करणावरून. म्हणजे ग्रीकचं अरबी आणि अरबीचं संस्कृत. आता यात कुणी कुणाचं उचललं ते ठरवायला एक आयोग नेमावा लागेल.

अल-बिरुनीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, पण माझ्या मुद्द्यासाठी तो हवाय. जन्म ९७३ चा, मध्य आशियातल्या ख्वारिज्मचा, भारतावरचं पुस्तक १०३० च्या सुमाराचं. तो आपल्या विद्येचं भरपूर कौतुक करतो, पण एका जागी वैतागून लिहितो की इथले नकलकार निष्काळजी आहेत, नक्कल मूळ प्रतीशी ताडून बघायचे कष्ट घेत नाहीत, त्यामुळे एकदोन नकलांतच पुस्तक ओळखू येईनासं होतं. राग येऊ देऊ नका, आपल्याकडे पाठांतराची परंपरा घट्ट होती आणि पोथीला तितका मान नव्हता हा त्यातला एक भाग आहे. पण तो चिडतो कशावर ते बघा. नक्कल ताडून न बघणं हे त्याच्या लेखी पाप होतं.

ताडून बघणं यालाच अरबीत मुकाबला म्हणतात. आपल्या मराठीत मुकाबला म्हणजे सामना झाला, मूळ अर्थ समोरासमोर धरणं. नक्कल पूर्ण झाली की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नक्कल धरून बसायचं. जिथवर आज झालं तिथे कडेला 'बलग' असं लिहायचं, म्हणजे इथवर पोचलो. चुकलेला शब्द कडेला लिहून पुढे 'सह्ह', म्हणजे बरोबर. परिच्छेदांच्या मध्ये जी गोल चिन्हं असतात ती काही प्रतींत नुसती रिकामी असतात आणि काहींत त्यांच्या पोटात टिंब असतं. टिंब असेल तर तेवढा भाग ताडून झालाय. सुरुवातीला मला वाटायचं नक्षी आहे. माझ्या अज्ञानाचा यापेक्षा भारी नमुना म्हणजे पहिल्याच वर्षी एका पोथीच्या पहिल्या पानावर 'या कबीकज' असं दिसलं आणि मी मालकाच्या रकान्यात ऐटीत 'कबीकज' लिहून टाकलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पोथीवर तेच नाव. मला वाटलं केवढा मोठा संग्राहक सापडला! वरिष्ठ हसून हसून बेजार झाले. कबीकज हे एका विषारी वनस्पतीचं नाव, पुढे लोक त्याला किड्यांचा राजा समजायला लागले, आणि त्याला हाक मारून लिहून ठेवायचं की बाबा रे, तुझ्या प्रजेला हे पुस्तक खाऊ देऊ नकोस. त्या पोथीला कसर लागलेली होती हे वेगळं सांगायला नको.

असो. डिग्रीकडे वळतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

डिग्री नव्हती. इजाजा होता. इजाजत हा शब्द आपल्याला माहीत आहेच, तोच तो, परवानगी. एखाद्या गुरूपाशी बसून तुम्ही एक पुस्तक पूर्ण ऐकलंत किंवा त्याला वाचून दाखवलंत की तो लिहून द्यायचा, अमुकने हे पुस्तक माझ्याकडून ऐकलं, आता ते पुढे सांगायची त्याला परवानगी. देणारा माणूस, संस्था नाही. आणि पुस्तकापुरती, सगळ्या विषयाची नाही (फतवा देण्याची आणि शिकवण्याची वेगळी परवानगी असायची, ती जास्त वजनदार). म्हणून त्या काळच्या विद्वानांची चरित्रं उघडली तर कुठे शिकला याला दोन ओळी आणि कुणाकुणाकडे शिकला याला दोन पानं.

याच्याच जोडीला समाअ, म्हणजे ऐकल्याची नोंद. पुस्तक मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, मोठ्याने वाचलं जायचं आणि शेवटच्या पानावर कोण कोण हजर होतं त्यांची नावं, वाचणारा कोण, नोंद करणारा कोण, जागा, तारीख. बाराव्या ते चौदाव्या शतकातल्या दमास्कसच्या अशा नोंदी भरपूर टिकल्यात आणि त्या वाचताना त्या काळातला माणूस अक्षरशः समोर येऊन बसतो. कुणी मध्येच उठून गेला, अमुक बैठकीला नव्हता, कुणाला झोप लागली, हे सुद्धा नोंदवलेलं असतं. बापाबरोबर आलेली पोरं असतात. पाच वर्षांच्या आतलं पोर असेल तर त्याच्यापुढे 'ऐकलं' असं लिहीत नाहीत, 'हजर होतं' असं लिहितात, कारण त्याला कळलं काय असणार. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो. आपल्याकडे वर्कशॉपला सही करून चहा पिऊन जाणारे सुद्धा पूर्ण सर्टिफिकेट नेतात.

पण मग दोन वर्षांच्या पोराला नेऊन बसवायचं तरी कशाला? याचं कारण कळलं की ही सगळी व्यवस्था कळते. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि वर्तन, ती विश्वासार्ह आहेत की नाही हे ठरायचं सांगणाऱ्यांच्या साखळीवरून, मी याच्याकडून ऐकलं, त्याने त्याच्याकडून. साखळीत माणसं जितकी कमी तितकी ती वरच्या दर्जाची. मग साखळी छोटी ठेवायची तर काय करायचं, तान्ह्या मुलासाठी ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याकडून इजाजा घेऊन ठेवायचा, ते मूल स्वतः नव्वदीला पोचलं की मधली दोन-तीन माणसं वाचली! दमास्कसची जैनब बिंत अल-कमाल ही अशीच, जन्म हिजरी ६४६ चा, मृत्यू ७४० चा, म्हणजे इसवी सनात १३३९. लहानपणीच तिच्या नावावर इजाजे जमा झाले होते, लोक म्हणायचे उंटाच्या ओझ्याइतके आहेत, आणि म्हातारपणी तिच्याकडे लांबलांबून माणसं यायची. इब्न बतूता १३२६ मध्ये दमास्कसला गेला तेव्हा त्यालाही तिच्याकडून इजाजा मिळाला. हाच इब्न बतूता पुढे दिल्लीत काझी झाला आणि आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. तिकडच्या माणसांनी दिलेल्या कागदांचं वजन दिल्लीत चालायचं, ते असं.

याला तोटेही होते, ते लपवत नाही. इजाजा म्हणजे परीक्षा नव्हे. पत्रावर इजाजे दिले जायचे, न वाचलेल्या पुस्तकांचे दिले जायचे, वशिल्याने दिले जायचे, आणि याबद्दल त्या काळातलेच लोक कुरकुर करताना दिसतात. शिवाय हदीस आणि फिकह, म्हणजे धर्मशास्त्र, यांत ही पद्धत जितकी काटेकोर दिसते तितकी गणित-वैद्यकात दिसत नाही. तेव्हा 'त्या काळी असं होतं' असं सरसकट विधान करू नका, कुठलं शहर, कुठलं शतक, कुठला विषय हे विचारायचं.

मग मदरसे कशाला होते? मदरसा ही मुख्यतः कायद्याची शाळा, आणि ती चालायची वक्फवर. कुणीतरी दुकानं, शेतं, हमामखाने धर्मादाय करून द्यायचा, त्यांच्या उत्पन्नातून मुदर्रिसाचा, म्हणजे शिकवणाऱ्याचा, पगार, विद्यार्थ्यांची भाकरी, दिव्याचं तेल. आणि वक्फ करणाऱ्याने लिहिलेल्या अटी सहजी बदलता यायच्या नाहीत. बगदादचा मुस्तन्सिरिया १२३४ मध्ये सुरू झाला, त्यात सुन्नी कायद्याच्या चारही पंथांचे प्रत्येकी ६२ विद्यार्थी. अटीत गणित नसेल तर गणिताला पगार नाही, एवढं साधं आहे ते. पण शिकवणारा माणूस तोच, दुपारी मदरशात कायदा सांगायचा आणि संध्याकाळी घरी चार पोरांना युक्लिड. वैद्यक इस्पितळात. खगोल वेधशाळेत, नाहीतर मशिदीत. हो, मशिदीत, त्यावर येतोच. आणि पोट भरायला नकला. इब्न अल-हैसम, प्रकाशशास्त्रातला एवढा मोठा माणूस, त्याच्याबद्दल सांगतात की कैरोत तो वर्षाला युक्लिड, टॉलेमी वगैरेंच्या नकला करून १५० दीनारांना विकायचा आणि त्यावर वर्ष काढायचा.

आता गझाली. त्याला 'एक मौलवी' म्हणणं म्हणजे टिळकांना 'एक संपादक' म्हणण्यासारखं आहे, चूक नाही पण हसू येतं. जन्म १०५८, इराणातल्या तूसचा. १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुदर्रिस, स्वतःच सांगतो की तीनशे विद्यार्थी होते. १०९५ मध्ये त्याने 'तहाफुत अल-फलासिफा', म्हणजे तत्त्वज्ञांच्या विसंगतीवरचं पुस्तक, पूर्ण केलं, वीस मुद्द्यांवर तत्त्वज्ञांना धरलं, त्यातल्या तीन मुद्द्यांवर त्यांना थेट धर्माबाहेर ठरवलं. जग अनादी आहे, ईश्वराला बारीकसारीक घटना कळत नाहीत, मेल्यावर शरीर पुन्हा उठत नाही, हे ते तीन. यात गणित कुठे आहे? नाहीच. उलट त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो सांगतो की ग्रहण का लागतं हे भूमितीने सिद्ध होतं, त्यात शंकेला जागा नाही, आणि धर्माच्या नावाने जो ते खोडायला जातो तो धर्माचंच नुकसान करतो. तर्कशास्त्राबद्दल तर त्याने कायद्यावरच्या ग्रंथाच्या आरंभी लिहून ठेवलं की ज्याला हे येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा नाही, आणि तिथून पुढे तर्कशास्त्र मदरशातल्या अभ्यासात चांगलंच मुरलं. आणि 'तहाफुत' संपवून त्याच वर्षी, १०९५ मध्येच, त्याने नोकरी सोडली. भर वर्गात बोलता येईना अशी अवस्था झाली होती, त्याचंच वर्णन आहे, आणि सगळं सोडून निघून गेला. कार्यकारणभावावर त्याने घेतलेल्या आक्षेपाचा पुढच्या विचारावर परिणाम झाला का, झाला असेल, त्यावर भांडायला माझ्यापेक्षा शहाणे लोक बसलेत.

पण मला कॅटलॉगमध्ये काय दिसतं ते सांगतो. एका पुस्तकाने सगळं बंद पडलं असेल तर ११०० नंतर पोथ्या संपायला हव्यात ना? संपत नाहीत, वाढतात. इब्न अल-नफीस, कैरोतला, शाफिई कायद्याचा पंडित आणि वैद्य, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून रक्त झिरपत नाही, ते फुप्फुसातून फिरून येतं हे त्याने १२४२ साली लिहिलं. इब्न अल-शातिर (मृत्यू १३७५), ज्याच्या चंद्राच्या गणिताशी कोपर्निकसचं गणित जुळतं, तो नोकरीला कुठे होता? दमास्कसच्या उमय्या मशिदीत, मुवक्कित म्हणून, म्हणजे नमाजाच्या वेळा काढणारा पगारी खगोलशास्त्री! व्हिडिओवाल्यांना हा माणूस कुठल्या खणात ठेवावा कळणार नाही म्हणून ते त्याला वगळतात. समरकंदमध्ये काशी नावाच्या गणित्याने १४२४ मध्ये पाय (π) ची किंमत १६ दशांश स्थळांपर्यंत काढली. तोवर गझालीला जाऊन तीनशेहून जास्त वर्षं झाली होती.

१२५८ चा मंगोलांनी केलेला बगदादचा विध्वंसही कुणीतरी कमेंटमध्ये काढलाय, तैग्रिस नदी शाईने काळी झाली वगैरे. विध्वंस झाला, भयानक झाला, कत्तल झाली, यात वाद नाही. पण इब्न अल-फुवातीची गोष्ट ऐका. हा तेव्हा चौदा वर्षांचा पोरगा, मंगोलांनी कैद करून नेला. नसिरुद्दीन तूसीने त्याला सोडवलं, आणि हाच तूसी बगदाद पाडणाऱ्या मंगोल हुलागूच्याच पैशाने इराणातल्या मरागाला १२५९ मध्ये वेधशाळा उभारत होता. तिथल्या ग्रंथालयावर या पोराला नेमलं. पुढे तो बगदादला परत आला आणि मुस्तन्सिरियाचं ग्रंथालय सांभाळलं. ज्या शहरातून कैद होऊन गेला त्याच शहरातली पुस्तकं. १३२७ मध्ये इब्न बतूता तिथे गेला तेव्हा त्या मदरशात चारही पंथांचे वर्ग चालू होते.

मग ते लोक नंतर मागे का पडले, हा तुमचा शेवटचा प्रश्न. याला मी एका वाक्यात उत्तर देत नाही आणि जो देतो त्याच्यापासून चार हात लांब राहतो. इराण, इजिप्त, अंदालुस (म्हणजे मुस्लिम स्पेन), तुर्कस्तान यांची घसरण एका वेळी नाही, एका कारणाने नाही. राज्यं मोडली की आश्रयदाते जातात, वक्फची जमीन ओसाड पडली की पगार थांबतात, प्लेग येतो, व्यापाराच्या वाटा बदलतात, आणि छापखाना फार उशिरा आला, इस्तंबूलमध्ये अरबी लिपीतलं पहिलं तुर्की पुस्तक छापलं गेलं ते १७२९ मध्ये. यातल्या छापखान्याबद्दल एक मत माझं स्वतःचं आहे, ते मत म्हणूनच घ्या. जिथे पुस्तकाची पत गुरूसमोर बसून ऐकण्यावर ठरते तिथे यंत्रातून निघालेल्या, कुणीच वाचून न दाखवलेल्या हजार प्रतींबद्दल लोकांना लगेच ओढ वाटली नसेल तर मला त्यात नवल वाटत नाही.

वर्गात काय करायचं विचारलंत, तर व्हिडिओ खोडत बसू नका, मुलं कंटाळतील. मी एका कार्यशाळेत करून पाहिलेला खेळ सांगतो. दहा मुलं घ्या. पहिल्याला अर्ध्या पानाचा उतारा द्या, त्यात दोन-चार परकी नावं आणि आकडे हवेत. दुसऱ्याने पहिल्याचं बघून उतरवायचं, तिसऱ्याने फक्त दुसऱ्याचं बघून, असं दहाव्यापर्यंत, मूळ कागद कुणाला दिसता कामा नये. मग दहाव्याला उभं करून मोठ्याने वाचायला लावा आणि पहिल्याला मूळ कागद धरून समोर बसवा, चूक आली की त्याने 'थांब' म्हणायचं आणि कडेला दुरुस्ती लिहून पुढे 'सह्ह' लिहायचं. आमच्याकडे पाचव्या प्रतीत ६२ चे २६ झाले होते, सातव्यात हुनैनचा हुसैन झाला, आणि एक अख्खी ओळ गायब होती ती कुणी गाळली हे शेवटपर्यंत कुणीच कबूल केलं नाही.